ओपन सोर्स प्रकल्पाचा लोगो निवडताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

बहुतेक प्रकल्पांत लोगोचा विषय एकाच वाक्याने निघतो: "चला, स्पर्धा ठेवूया." स्पर्धा जाहीर होते, चित्रं येतात, मतदान होतं, एक चित्र जिंकतं. मग कुणीतरी ते ब्राउझरच्या टॅबमध्ये लावून बघतं, तर तिथे नुसता करडा ठिपका. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येतं की अक्षरांचा फॉन्ट विकतचा आहे. आणि जिंकणाऱ्याने चित्राचे हक्क कोणत्या अटींवर दिलेत, हे तर कुणी विचारलेलंच नसतं. यातली एकही अडचण अनपेक्षित नाही. फक्त कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. मतदान हे शेवटाकडचं काम आहे आणि आपण ते सुरुवातीलाच उरकून टाकतो.

खालचे टप्पे लिहिलेत त्याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा तुमच्याकडे दहा मिनिटांत आटोपेल, पण तो पुढे-मागे करू नका.

## १. नाव पक्कं करा, मग निर्णय कोण घेणार ते ठरवा

नावच बदलणार असेल तर लोगोवरची मेहनत वाया जाते. फायरफॉक्स हा ब्राउझर २००२ मध्ये "फिनिक्स" या नावाने आला, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००३ मध्ये "फायरबर्ड" झाला, त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीपासून होता म्हणून वाद झाला आणि २००४ मध्ये आजचं नाव आलं. तुमचं नाव दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरचं आहे का, हे पॅकेज रजिस्ट्र्यांमध्ये (तयार सॉफ्टवेअर नोंदवून ठेवतात त्या याद्यांमध्ये) आणि ट्रेडमार्कच्या डेटाबेसमध्ये आज शोधा.

आता निर्णय. तीन ते पाच जणांची एक छोटी समिती पुरते. त्यात मुख्य मेंटेनर (प्रकल्पाचा कोड सांभाळणारा) असावा, वेबसाइट आणि दस्तऐवज बघणारं कुणी असावं आणि लिनक्स वितरणांसाठी (डेबियन, फेडोरा यांसारख्या तयार लिनक्स संचांसाठी) पॅकेज बनवणारं एक माणूस नक्की असावं. या तिसऱ्या माणसाला बोलवायला सगळेच विसरतात. खरं तर लोगोचा परवाना, आयकॉनचे आकार, फाइलचं नाव या गोष्टींची झळ सगळ्यात आधी त्यालाच लागते.

बाकी समुदायाची भूमिका काय, हेही सुरुवातीलाच उघड लिहा. लोक सूचना देतील, चित्रं पाठवतील, शेवटच्या दोन-तीन पर्यायांवर मत देतील. "समुदाय ठरवेल" असं मोघम लिहून मोकळं झालात, तर पुढे समितीने एक चित्र बाद केलं तरी फसवणूक झाल्याची भावना येते.

तपासा: मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? उत्तरात एका माणसाचं नाव येत नसेल तर पुढे जाऊ नका.

छोट्या लायब्ररीला (दुसऱ्या प्रोग्रॅमांत वापरायच्या कोडच्या संचाला) मुळात लोगोची गरज असते का, हा प्रश्नही इथेच विचारून टाका. चांगल्या फॉन्टमध्ये लिहिलेलं नाव अनेकदा पुरतं.

## २. लोगो कुठे दिसणार, त्या जागांची यादी करा

चित्र डोक्यात येण्याआधी ही यादी तयार हवी. साधारण या जागा निघतात:

- ब्राउझरचा टॅब: १६ आणि ३२ पिक्सेल
- डेस्कटॉप आणि मोबाइलवरचा ॲप आयकॉन
- रेपॉझिटरीचा (कोड ठेवायच्या जागेचा) किंवा चॅटमधला अवतार, म्हणजे नावाशेजारचं छोटं चित्र, कधी चौकोनी, कधी गोल कापलेला
- रीडमीचा (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या पानाचा) माथा, पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही थीममध्ये
- लिंक शेअर केल्यावर दिसणारं आडवं चित्र. गिटहबवर त्याचं सोयीचं माप १२८० × ६४०
- स्टिकर, टी-शर्ट, परिषदेतली स्लाइड
- दुसऱ्याच्या पानावर, वीस-तीस लोगोंच्या गर्दीत

यातल्या तुमच्या जागा कोणत्या, त्यांना खूण करा. कमांड लाइनवर चालणाऱ्या साधनाला मोबाइल आयकॉन लागणार नाही, पण रीडमी आणि स्टिकर लागतील. सगळ्यात लहान आणि सगळ्यात गैरसोयीची जागा कोणती ते शोधा, कारण लोगोचा निकाल तिथेच लागतो.

फेडोराने २०२१ मध्ये लोगो बदलला, तेव्हा जुन्याबद्दलच्या तक्रारी याच जातीच्या होत्या: तो एका रंगात धड उतरत नसे आणि गडद पार्श्वभूमीवर त्रास देई. चित्र कुरूप होतं असं कुणी म्हणत नव्हतं.

## ३. एका पानाचं टिपण लिहा

टिपणात तीन गोष्टी हव्यात. सॉफ्टवेअर काय करतं, ते तांत्रिक शब्द टाळून एका वाक्यात. कोणत्या प्रकल्पांच्या शेजारी तुमचं नाव घेतलं जातं आणि त्यांचे लोगो कसे दिसतात. आणि काय काढायचं नाही.

तिसरी यादी सगळ्यात उपयोगी. दातेरी चाक, कोनी कंस, ढग, षटकोन, जोडलेले ठिपके ही चित्रं इतक्या ठिकाणी आहेत की त्यातून कुणाचीच ओळख पटत नाही. दुसऱ्या प्रकल्पाचा प्राणी थोडा बदलून घेऊ नका. कुठल्याही समाजाची, धर्माची किंवा राष्ट्राची खूण त्या लोकांशी संबंध नसताना उचलू नका. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला आपलं जगभर ओळखीचं झालेलं पक्ष्याच्या पिसाचं चिन्ह अखेर बाजूला ठेवावं लागलं. अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजाची ओळख एका सॉफ्टवेअर संस्थेने का वापरावी, हा आक्षेप त्यामागे होता. इतक्या वर्षांनी चिन्ह बदलायचं म्हणजे किती ठिकाणी हात घालावा लागतो, याचा अंदाज करा.

लोगोने सॉफ्टवेअरचं काम समजावून सांगावं, ही अट मात्र टिपणात घालू नका. कोडच्या शाखा सांभाळणाऱ्या गिटच्या लोगोत फांद्या फुटताना दिसतात, हे छान जमलंय. पण व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या लोगोतल्या, रस्त्यावर ठेवतात त्या शंकूचा व्हिडिओशी काय संबंध? तरी तो लांबूनही ओळखू येतो. ओळखू येणं पुरेसं आहे.

"प्राणी हवा" आणि "भौमितिक आकार हवा" असे दोन गट पडले, तर दोघांना खूश करणारं चित्र शोधत बसू नका. दोन वेगळ्या गोष्टी ठेवा: लोगो आणि मॅस्कॉट (प्रकल्पाचं लाडकं पात्र). फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमने २००५ मध्ये स्पर्धा घेऊन नवा लोगो घेतला आणि "बीस्टी" हा छोटा राक्षस मॅस्कॉट म्हणून तसाच राहू दिला. गो या प्रोग्रॅमिंग भाषेचा गोफर हा प्राणीही मॅस्कॉट आहे. भाषेचा लोगो म्हणजे वेगाच्या रेषा असलेली नुसती अक्षरं. मॅस्कॉटला टोपी घालता येते, पळवता येतं, झोपवता येतं. लोगोशी हे खेळ कुणी करू नयेत.

## ४. हक्कांच्या अटी रेघ ओढण्याआधी लिहून काढा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं थांबूया. "आमचा कोड मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे लोगोही आलाच" हा समज चुकीचा आहे. लोगोच्या बाबतीत तीन निरनिराळे हक्क असतात.

चित्राचा कॉपीराइट. तो मुळात चित्रकाराचा असतो. त्याने लिहून परवाना दिल्याशिवाय प्रकल्पाला चित्र वापरायचा, बदलायचा, पुढे वाटायचा हक्क मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे सीसी बीवाय ४.० (श्रेय देऊन वापरा), सीसी बीवाय-एसए ४.० (श्रेय द्या आणि बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्या) किंवा सीसी झीरो (कुठलीच अट नाही) यातला एक निवडा. व्यावसायिक वापराला किंवा बदल करायला मनाई करणारे, म्हणजे "एनसी" आणि "एनडी" असलेले परवाने टाळा. डेबियनसारखी वितरणं अशी चित्रं आपल्या मुख्य संग्रहात घेत नाहीत.

ट्रेडमार्क. हे चिन्ह पाहिल्यावर लोकांना हा तुमचाच प्रकल्प वाटतो, त्या ओळखीवरचा हा हक्क. कॉपीराइटचा परवाना देऊन तो जात नाही. सीसी बीवाय ४.० च्या मजकुरातच ट्रेडमार्कचे हक्क दिलेले नाहीत असं लिहिलंय आणि अपाची २.० या कोडच्या परवान्याचं सहावं कलमही नाव-चिन्हांच्या वापराची परवानगी देत नाही. म्हणजे चित्र मोकळेपणाने वाटूनही "बदललेल्या सॉफ्टवेअरवर आमचं चिन्ह लावू नका" असं सांगता येतं.

फॉन्ट. लोगोत नाव लिहिलेलं असेल तर फॉन्टचा परवाना वेगळा तपासा. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखालचा फॉन्ट घेतलात तर पुढे कुणालाही ते नाव नव्याने जुळवता येईल.

हे आधी ठरवलं नाही की काय होतं, त्याचं ठळक उदाहरण डेबियन आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं. फायरफॉक्सचा कोड मुक्त होता, लोगोचं चित्र नव्हतं. डेबियनला ते चित्र घेता येईना आणि चित्राशिवाय नाव वापरायला मोझिला राजी होईना. २००६ पासून डेबियनवर तोच ब्राउझर "आइसवीझल" नावाने मिळू लागला आणि तो तिढा २०१६ मध्ये सुटला. डेबियनने स्वतःपुरता वेगळा उपाय काढलेला आहे: एक लोगो सगळ्यांनी मोकळेपणाने वापरण्यासाठी आणि दुसरा, बाटलीसह असलेला, अधिकृत कामांपुरता राखीव. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या बाबतीत तर उंट हे चिन्ह ओरायली या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचं, त्यामुळे पर्ल फाउंडेशनने कांदा निवडला.

ट्रेडमार्क कुणाच्या नावावर असेल? एका मेंटेनरच्या नावावर ठेवणं सोपं असतं, पण तो प्रकल्प सोडून गेला की चिन्ह त्याच्यासोबत जातं. प्रकल्प एखाद्या छत्रसंस्थेखाली (अनेक प्रकल्पांचे व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेखाली) असेल तर तिच्याकडे द्या. डेबियनचा ट्रेडमार्क "सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट" या संस्थेकडे आहे.

चित्र पाठवणाऱ्याकडून घ्यायचं लेखी निवेदन पाच-सहा ओळींचं असू द्या: चित्र माझं आहे, त्यात तयार क्लिपआर्ट किंवा स्टॉक आयकॉन नाही, फॉन्ट अमुक, परवाना तमुक, मूळ संपादनयोग्य फाइल देत आहे, चित्र या परवान्याखाली देत आहे आणि प्रकल्पाने त्यात बदल केले तरी चालतील. यंत्राकडून (एआयकडून) चित्र काढून घेतलं असेल तर तेही सांगायला लावा. नुसत्या सूचनेवर यंत्राने काढलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही, अशी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे. जे चित्रकाराचंच नाही, त्यावर तो परवाना तरी कसला देणार?

सावधान: बहुतेक स्टॉक चित्रांच्या साइट "लोगोसाठी वापरू नये" अशी अट घालतात. पैसे भरून चित्र घेतलं तरी ती अट सुटत नाही.

## ५. चित्रं मागवा, पण काळ्या रंगात

माझं मत स्पष्ट आहे: प्रकल्पात किंवा ओळखीत चांगला डिझायनर असेल तर त्याच्याशी थेट बोला, जमलं तर मानधन द्या आणि तीन दिशांची कच्ची रेखाटनं मागा. खुल्या स्पर्धेत पन्नास जण फुकट राबतात आणि एकोणपन्नास जणांचं काम टाकून द्यायचं असतं, त्यामुळे अनुभवी डिझायनर तिकडे फिरकतच नाहीत. तरीही स्पर्धा घ्यायची असेल तर टिपण, जागांची यादी आणि निवेदन हे तिन्ही जाहिरातीसोबत द्या.

पहिल्या फेरीत फक्त काळा रंग. रंग दिसला की लोक रंगावर बोलतात, आकार कुणी बघत नाही. प्रत्येकाने एकाच मांडणीचा ताव पाठवावा: चिन्ह १६, ६४ आणि ५१२ पिक्सेलमध्ये, एकदा पांढऱ्यावर काळं, एकदा काळ्यावर पांढरं. मगवरची, इमारतीवरची सजवलेली चित्रं घेऊ नका. त्यात मगच छान दिसतो.

## ६. चाचण्या घ्या: पास किंवा नापास

गुण देऊ नका. गुण दिले की एका चाचणीत साफ पडलेलं चित्र दुसरीकडे भरपाई करून वर येतं. खालच्यापैकी पहिल्या तीनपैकी एकीत नापास, तर चित्र बाद किंवा दुरुस्तीला परत.

टॅबची चाचणी. १६ पिक्सेलचं चित्र खऱ्या टॅबमध्ये, दहा इतर टॅबांसोबत लावा. झूम करून बघणं म्हणजे फसवणूक. आपला टॅब एका नजरेत सापडला पाहिजे. बारीक रेषा आणि आत लिहिलेली अक्षरं इथेच मरतात.

एका रंगाची चाचणी. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापा. ग्रेडियंटवर (एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटांवर) उभं असलेलं चित्र इथे सपाट होतं.

गोल कापण्याची चाचणी. चौकोनात बसवलेलं चिन्ह वर्तुळात कापून बघा. मोबाइलसाठी नियम याहून कडक आहे: वेब ॲपच्या मास्केबल आयकॉनमध्ये (फोन आपल्याला हव्या त्या आकारात कापतो तो आयकॉन) महत्त्वाचा भाग रुंदीच्या ८० टक्के व्यासाच्या मधल्या वर्तुळात बसला पाहिजे.

आठवणीची चाचणी. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला चित्र पाच सेकंद दाखवा, झाका आणि कागदावर काढायला सांगा. चित्रकला बघायची नाही. मुख्य आकार आला का, एवढंच. माझ्या मते ही सगळ्यात बोलकी चाचणी आहे आणि तिला पैसाही लागत नाही.

रंगांधळेपणाची चाचणी. रंग ठरल्यावर घ्यायची. फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्हींच्या डेव्हलपर साधनांत रंगांधळेपणाचं अनुकरण करायची सोय आहे. फक्त लाल-हिरव्याच्या फरकावर आकार ओळखू येत असेल तर रंग बदला.

शेजाऱ्यांची चाचणी. टिपणातल्या शेजारी प्रकल्पांचे लोगो एका ओळीत ठेवा आणि मध्ये आपला. तो त्यांच्यात विरघळतोय का?

तपासा: यातून दोन किंवा तीन चित्रं उरली पाहिजेत. सात उरली असतील तर चाचण्या मनापासून घेतलेल्या नाहीत.

## ७. सारखेपणा शोधा

हे काम उरलेल्या दोन-तीन चित्रांपुरतंच करा, वेळ वाचतो. आधी एखाद्या उलट्या चित्रशोधात (चित्र देऊन तशीच चित्रं शोधायच्या सोयीत) टाका. मग जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये शोधा. तिथे चित्र देऊनही शोधता येतं. सॉफ्टवेअरसाठी ट्रेडमार्कच्या नाइस वर्गीकरणातले ९ आणि ४२ हे वर्ग महत्त्वाचे.

त्यानंतर माणसांना विचारा. निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या योगदानकर्त्यांना एकेकट्याने विचारा, "हे बघून पहिलं काय आठवतं?" अश्लील हातवारे, पक्षांची चिन्हं, नको त्या अवयवांशी साम्य हे सगळं इथे बाहेर येतं. चित्रकाराला ते दिसत नाही, कारण त्याने ते चित्र फार वेळा बघितलेलं असतं.

सावधान: शोधात काही सापडलं नाही म्हणजे कायदेशीर हमी मिळाली असं नाही. ट्रेडमार्क नोंदवायचा असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.

## ८. आता मतदान

मतपत्रिकेवर असं एकही चित्र नको, जे जिंकलं तर समितीला घाम फुटेल. उरलेल्यांपैकी काहीही आलं तरी चालेल अशी स्थिती असेल तेव्हाच मत घ्या.

"एक माणूस, एक पर्याय" ही पद्धत इथे वाईट. दोन चित्रं एकसारखी असली की त्यांची मतं फुटतात आणि बहुतेकांना न आवडणारं तिसरं जिंकतं. एकतर "चालतील त्या सगळ्यांवर खूण करा" अशी पद्धत घ्या, नाहीतर पसंतीचा क्रम मागा. हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेने २००९ मध्ये लोगो निवडला तो क्रम मागणाऱ्या कॉन्डोर्सेट पद्धतीने (दोन-दोन पर्यायांची समोरासमोर तुलना करून). "यापैकी एकही नाही" हा पर्याय ठेवा. मतदार कोण, हे आधी जाहीर करा; सोशल मीडियावरचे वाटसरू मतदार नव्हेत. चित्रांवर काढणाऱ्याचं नाव नको आणि प्रत्येक चित्र त्याच तावावर, त्याच मापात.

निकालानंतर एक मागणी हमखास येते: "पहिल्याचा आकार आणि दुसऱ्याचा रंग घेऊया का?" नको. ते तिसरंच चित्र होतं आणि त्याने कुठलीच चाचणी दिलेली नसते.

## ९. फाइली तयार करा

मूळ फाइल एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी, रेषांची) हवी आणि तिच्यात आत चिकटवलेलं पीएनजी (पिक्सेलचं चित्र) नको. अशी लबाडी बरेचदा नकळत होते; फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की लगेच दिसते. अक्षरांचे पाथ (नुसते आकार) करून एक प्रत बनवा, म्हणजे फॉन्ट नसलेल्या संगणकावर नाव बिघडणार नाही. अक्षरं संपादनयोग्य असलेली प्रतही जपून ठेवा. इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये काम केलं असेल तर वाटायची प्रत "प्लेन एसव्हीजी" म्हणून जतन करा.

प्रकार इतके पुरतात: नुसतं चिन्ह, चिन्ह आणि नाव आडव्या ओळीत, एकरंगी काळं, एकरंगी पांढरं. १६ पिक्सेलसाठी तपशील कमी केलेलं वेगळं रेखाटन लागलं तर तेही करा, नुसतं लहान करून भागत नाही. वेब ॲप असेल तर १९२ आणि ५१२ पिक्सेलच्या पीएनजी. रंगांचे कोड, परवान्याची फाइल आणि चित्रकाराचं नाव त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

तपासा: प्रकल्पाबाहेरच्या माणसाला फक्त तो फोल्डर द्या. कुठली फाइल कुठे वापरायची, हे त्याला न विचारता कळलं पाहिजे.

## १०. लोगो लावा आणि नियम लिहा

पॅकेज बनवणाऱ्यांना आवृत्ती येण्याआधी कळवा आणि आयकॉन फाइलचं जुनं नाव बदलू नका, नाहीतर लोकांच्या मेनूत रिकामे चौकोन दिसतील. रेपॉझिटरी, वेबसाइट, दस्तऐवज आणि अवतार एकाच दिवशी बदला.

वापराचे नियम एका पानात मावले पाहिजेत आणि सुरुवात परवानगीने व्हावी: लेख, भाषण, ट्यूटोरियल, बदल न केलेलं पॅकेज यांसाठी विचारायची गरज नाही. मग मनाई: बदललेल्या सॉफ्टवेअरवर अधिकृत असल्यासारखा वापर. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रस्ट फाउंडेशनने २०२३ मध्ये ट्रेडमार्क धोरणाचा मसुदा मांडला, तो समुदायाला फार जाचक वाटला आणि बराच गदारोळ झाला. आपल्याच लोकांना घाबरवणारं पान लिहू नका.

पहिले दोन आठवडे तक्रारी येतील. "जुनाच बरा होता" म्हणणाऱ्यांना नम्र उत्तर देऊन इश्यू (तक्रारीची नोंद) बंद करा. "गडद थीममध्ये डावी कड दिसत नाही" अशी तक्रार आली तर तो बग आहे. क्रमांक द्या, दुरुस्त करा आणि पुढच्या आवृत्तीत सोडा.